नाण्यावरच्या चेहऱ्याची कुळकथा

दादरा-नगर हवेलीतल्या दुधनीला आज लोक जातात ते मधुबन धरणाच्या जलाशयात होडीतून फिरायला. हे पाणी दमणगंगेचं. नाशिकच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या या नदीचं नाव नाशिकच्याच पांडवलेण्यांत कोरलेलं आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानधर्माची यादी देतो. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने वाटसरूंना फुकट पैलतीरी नेणाऱ्या नावा ठेवल्या होत्या. याच लेण्यात व्याजाचाही हिशोब आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे त्याने दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक दराने कायमचे ठेवले, आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार पाऊण टक्क्याने.

ज्या सासऱ्याच्या राज्यात हे व्यवहार चालले, त्याचं चांदीचं नाणं तळहातावर घेऊन पाहावं. बोटाच्या पेराएवढं, वजन जेमतेम दोन ग्रॅमच्या वर. एका बाजूला उजवीकडे पाहणारं राजाचं मस्तक. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरं: 'राञो क्षहरातस नहपानस'. मस्तकाभोवतीही अक्षरं आहेत, पण ती ग्रीक. भाषा मात्र ग्रीक नाही. तेच प्राकृत शब्द ग्रीक लिपीत बसवलेले आहेत.

ही अक्षरं इथे आली कशी? अलेक्झांडर इ.स.पू. 326 मध्ये बियासवरून मागे फिरला. दमणगंगा त्याच्या स्वप्नातही नसावी. पुढे इ.स.पू. दुसऱ्या शतकात बॅक्ट्रियाचे ग्रीक राजे हिंदुकुश ओलांडून आले. तोवर आपल्याकडे चालत होती आहत नाणी: चांदीचे तुकडे, त्यांवर सूर्य, डोंगर, झाड असे ठसे. राजाचं नाव नाही, तोंड तर नाहीच. अपोलोडोटस आणि मिनँडर यांनी इथल्या प्रजेसाठी हलक्या वजनाचे द्राख्म पाडले आणि त्यांवर एका अंगाला ग्रीक, दुसऱ्या अंगाला खरोष्ठी लिहवली. त्यांची राज्यं बुडाली, नाणी मात्र चालत राहिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातून येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये स्पष्ट नोंद आहे की बारिगाझा, म्हणजे भडोच, इथे या दोघांचे जुने द्राख्म अजून चलनात आहेत.

ग्रीकांचा इथला खरा विजय हाच, असं म्हणावंसं वाटतं. सराफाला ग्रीक येत नव्हतं, पण त्या घडणीच्या चांदीवर त्याचा विश्वास होता. परक्या मुलखातून आलेल्या शक क्षत्रपांनी नवं नाणं पाडताना तोच साचा उचलला.

त्या विश्वासाचा सर्वांत मोठा पुरावा नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावी सापडला. 1906 मध्ये तिथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा निघाला, तेरा हजारांहून अधिक. नहपानाचा पाडाव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर आपला ठसा मारला होता: एकीकडे चैत्य, दुसरीकडे उज्जैनी चिन्ह. काही नाण्यांवर चैत्याच्या कमानींतून खालचं नाक, डोळा किंवा ग्रीक अक्षराचं टोक अजून डोकावतं. शत्रूचं नाणं वितळवायलाच हवं, असं त्याला वाटलं नाही. पुढे त्याच्या मुलाने, वासिष्ठीपुत्र पुळुमावीने, चांदीच्या नाण्यावर चक्क स्वतःचं मस्तक कोरवलं. त्याच वंशातल्या यज्ञ सातकर्णीचं तसलं एक नाणं 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या स्तूपात मिळालं.

क्षत्रपांकडे हा चेहरा तीनशे वर्षं टिकला, अक्षरं मात्र झिजली. पुढच्या राजांच्या काळात साचे कोरणाऱ्याला ग्रीक वाचता येत नव्हतं. तो जुन्या नाण्यावरच्या रेघा पाहून रेघा काढत होता. पुढेपुढे 'ओ', 'आय' सारख्या खुणांची नुसती किनार उरली. तीही कुणी पुसली नाही, कारण ती नसती तर नाणं खोटं वाटलं असतं. पाचव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचं राज्य घेतलं, मागच्या बाजूला गरुड आणला, पण पुढचा चेहरा आणि त्या निरर्थक खुणा तशाच ठेवल्या.

दमणगंगेच्या मुलखात त्याच शतकात त्रैकूटक राजे होते. दह्रसेनाचा ताम्रपट जवळच्याच पारडीला सापडला. त्याच्या चांदीच्या नाण्यावर तो स्वतःला परमवैष्णव म्हणवतो, आणि चेहरा मात्र क्षत्रपांच्याच वळणाचा. सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाने मागे नंदी बसवला. समोर तेच मस्तक. त्याची नाणी नाशिककडे इतकी रुळली की आठव्या शतकातल्या अंजनेरीच्या ताम्रपटांतही 'कृष्णराजरूपक' मोजलेले दिसतात.

त्यानंतर चेहरा गेला, द्राख्माचं नाव राहिलं. नवव्या शतकात कान्हेरीच्या लेण्यांत दान नोंदलं जातं ते द्रम्मांत. भास्कराचार्य 1150 च्या सुमारास 'लीलावती'च्या आरंभी कोष्टक देतात: सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. द्रम्माचा पुढे दाम झाला. आणि त्याच दामाचं नाव घेणारा, व्याज मुद्दलाहून वर जाऊ नये हा दामदुप्पटीचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने इंग्रजी अमदानीतही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत लागू केला.