मेंदूचे पहारेकरी : मायक्रोग्लिया पेशी आणि स्मृतिभ्रंश

चेन्नईतील अड्यार भागालगत असलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्था, मद्रासमधील सुधा गोपालकृष्णन मेंदू संशोधन केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये मानवी गर्भाच्या मेंदूचा ‘धरणी’ हा त्रिमितीय नकाशासंग्रह जगभरातील संशोधकांसाठी खुला केला. गर्भावस्थेच्या १४ ते २४ आठवड्यांच्या काळातील मेंदूचे ५ हजार १३२ सूक्ष्म छेद या संग्रहात अंकीय स्वरूपात उपलब्ध आहेत. हे केंद्र २०२२ मध्ये स्थापन झाले असून प्रा. मोहनशंकर शिवप्रकाशम हे त्याचे प्रमुख आहेत.

गर्भाच्या मेंदूचा वृद्धापकाळातील विस्मरणाशी काय संबंध, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे पडतो. मात्र, वृद्धापकाळी मेंदूचे रक्षण करणाऱ्या काही पेशी गर्भावस्थेतच मेंदूत दाखल झालेल्या असतात. त्या पेशींना मायक्रोग्लिया असे म्हणतात.

कोण आहेत हे पहारेकरी?

स्पेनचे शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये चांदीच्या क्षारांचा वापर करून या पेशी प्रथम स्पष्टपणे वेगळ्या दाखवल्या आणि त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिले. प्रौढ मेंदूतील एकूण पेशींमध्ये त्यांचे प्रमाण साधारणतः ५ ते १० टक्के असते.

मेंदूतील इतर पेशी गर्भाच्या ज्या थरापासून तयार होतात, त्यापासून मायक्रोग्लिया तयार होत नाहीत. त्यांचा उगम पीतक कोशात होतो, हे २०१० मध्ये उंदरांवरील संशोधनातून सिद्ध झाले. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच त्या मेंदूत प्रवेश करतात आणि पुढे स्वतःचे विभाजन करून आपली संख्या टिकवून ठेवतात. शरीराच्या अन्य भागांतील रोगप्रतिकारक पेशी एरवी निरोगी मेंदूत फारशा शिरत नाहीत. त्यामुळे मेंदूच्या संरक्षणाची प्रमुख जबाबदारी मायक्रोग्लियांवरच असते.

या पेशी संकटाची वाट पाहत निष्क्रिय बसून राहतात, असा पूर्वी समज होता. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूचे विशेष सूक्ष्मदर्शकाद्वारे निरीक्षण करण्यात आले, तेव्हा या पेशी आपल्या बारीक शाखा अखंड हलवत भोवतालचा परिसर तपासत असल्याचे दिसून आले. इजा झालेल्या ठिकाणी त्यांच्या शाखा काही मिनिटांतच पोहोचल्या.

संरक्षण कसे होते?

मृत पेशींचे अवशेष व निरुपयोगी प्रथिने गिळून नष्ट करणे, हे मायक्रोग्लियांचे मुख्य कार्य होय. अल्झायमर विकारात चेतापेशींच्या बाहेर अमायलॉइड प्रथिनाचे पुंजके साचतात. मायक्रोग्लिया या पुंजक्यांना वेढा घालतात, त्यांचा काही भाग गिळतात आणि उर्वरित भाग दाबून घट्ट करतात. त्यामुळे लगतच्या चेतापेशींना होणारी हानी मर्यादित राहते.

या संरक्षणाचा सर्वात भक्कम पुरावा आनुवंशिकीतून मिळाला आहे. मेंदूमध्ये प्रामुख्याने मायक्रोग्लियांत कार्य करणाऱ्या ट्रेम-२ या जनुकातील एका दुर्मिळ बदलामुळे अल्झायमरचा धोका सुमारे दुपटीने ते चौपटीने वाढतो, असे २०१३ मध्ये दोन स्वतंत्र संशोधनांतून निष्पन्न झाले. हे जनुक पूर्णतः निकामी असल्यास नासू-हाकोला हा विकार होतो आणि ऐन तारुण्यात किंवा मध्यमवयातच स्मृतिभ्रंश जडतो. पहारेकरी दुबळा झाला की घर असुरक्षित होते, असाच याचा अर्थ आहे.

दुसरी बाजू

तथापि, या पेशी नेहमीच हितकारक ठरतात असे नाही. वाढत्या वयाच्या मेंदूत चेतापेशींमधील अनावश्यक जोडण्या छाटण्याचे काम त्या करतात. अल्झायमरच्या प्रारंभिक अवस्थेत हीच छाटणी पुन्हा सुरू होऊन आवश्यक जोडण्याही नष्ट होतात, असे २०१६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले. दीर्घकाळ उत्तेजित राहिलेल्या मायक्रोग्लिया दाह वाढवणारी द्रव्ये स्रवतात. कंपवातातही अशा दाहाचा सहभाग असल्याचे मानले जाते. त्यामुळे या पेशींना सरसकट चेतवणे किंवा सरसकट दडपणे, हे दोन्ही मार्ग धोक्याचे ठरू शकतात.

उपचारांची सद्यस्थिती

अमेरिकेत २०२३ मध्ये लेकॅनेमॅब आणि २०२४ मध्ये डोनानेमॅब या प्रतिपिंड औषधांना पूर्ण मान्यता मिळाली. ही औषधे अमायलॉइडला चिकटतात आणि अशा प्रकारे खूण केलेले पुंजके मायक्रोग्लिया गिळतात, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. लेकॅनेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. मात्र, गमावलेली स्मृती परत आली नाही आणि काही रुग्णांच्या मेंदूत सूज व सूक्ष्म रक्तस्राव आढळला. ट्रेम-२ ला थेट उद्दीपित करणाऱ्या एका प्रायोगिक प्रतिपिंडाची चाचणी मात्र २०२४ मध्ये अपयशी ठरली.

हे अपयश बोलके आहे. कोणत्या अवस्थेत या पेशींना साहाय्य करावे आणि कोणत्या अवस्थेत त्यांना आवरावे, हे ठरवण्यासाठी निरोगी मेंदू पेशींच्या पातळीवर कसा असतो, हे आधी ज्ञात असावे लागते. ‘धरणी’ हा संग्रह केवळ मायक्रोग्लियांसाठी तयार झालेला नाही. परंतु अशा तुलनेला लागणारा पाया भारतीय मेंदूंच्या अभ्यासातून उभा राहत आहे, ही बाब महत्त्वाची आहे.

भारतासाठी महत्त्व

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार देशातील ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आहे. त्यांच्या शुश्रूषेचा भार बहुतांशी कुटुंबावरच पडतो.

सुधारता येण्याजोग्या १४ कारणांकडे लक्ष दिल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकेल, असे ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये नमूद केले. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, श्रवणदोष, व्यायामाचा अभाव, वायुप्रदूषण आणि एकाकीपणा यांचा त्यांत समावेश आहे. मेंदूच्या पहारेकऱ्यांना योग्य दिशा देणारे औषध प्रयोगशाळेतून बाहेर येण्यास अवधी लागेल. मात्र रक्तदाब तपासून घेणे किंवा घरातील ज्येष्ठांना वेळेवर श्रवणयंत्र मिळवून देणे, यासाठी तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही.