कवडशात न दिसणारे कण

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातले गाव. अशा गावातल्या जुन्या माळवदाच्या घरात झरोक्यातून कवडसा पडला की त्यात धूळ नाचताना दिसते. चुलीत तुराट्या, पऱ्हाट्या पेटल्या असतील तर धूरही दिसतो. हवेत काय आहे ते कवडशाने दाखवले, असे आपण समजतो. पण 0.1 मायक्रॉनपेक्षा लहान कण प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही बारीक असतात. ते कवडशात दिसत नाहीत. मग ते मोजायचे कसे?

याचे उत्तर सापडले ते धुक्याचा अभ्यास करताना. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी 1880 मध्ये दोन काचपात्रांत वाफ सोडली. एकात साधी हवा होती, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. पहिल्यात दाट धुके झाले, दुसऱ्यात झालेच नाही. म्हणजे वाफेला थेंब होण्यासाठी कणाचा आधार लागतो. हे उलटे वापरले तर? प्रत्येक कणावर थेंब वाढवायचा आणि थेंब मोजायचे! 1888 मध्ये त्यांनी असे उपकरण प्रसिद्ध केले. पंपाने हवा एकदम प्रसरण पावली की ती थंड होई आणि थेंब चौकटी आखलेल्या पट्टीवर पडत. पावसात बाहेरच्या हवेत दर घन सेंटिमीटरला सुमारे 32 हजार कण भरले. गॅसचा दिवा जळत असलेल्या खोलीत, छताजवळ, सुमारे 54 लाख!

पुढे मात्र हवेची तपासणी मुख्यतः वजनावर झाली. 1981 मध्ये कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर नमुने घेणारी उपकरणे बसवली. दर घनमीटर हवेत सुमारे 7 मिलिग्रॅम कण आढळले. चुलीचा धूर हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे त्यामुळे आकड्यांत मांडता आले.

पण वजनाला एक मर्यादा आहे. 10 मायक्रॉनच्या एका कणाइतके वजन भरायला 0.1 मायक्रॉनचे 10 लाख कण लागतात. म्हणजे काट्यावर जे नगण्य ठरते, ते संख्येने प्रचंड असू शकते. हेच कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्यांची संख्या मोजण्याची शिफारस केली. दिवसाची सरासरी घन सेंटिमीटरला 10 हजारांवर गेली तर ती जास्त मानावी, असे सांगितले. भारताची 2009 ची मानके वजनाची आणि बाहेरच्या हवेची आहेत.

2016 पासून उज्ज्वला योजनेतून खेड्यांत गॅस पोचला. चुलीच्या मानाने त्याचा धूर नगण्य, हा लाभ मोठाच आहे. पण ज्योत निळी असली तरी अतिसूक्ष्म कण तयार होतातच. एटकिन यांच्या खोलीतही गॅसच जळत होता. म्हणून गॅस आला तरी झरोका बुजवू नये.

वर्गात एक प्रयोग करता येईल. प्लास्टिकच्या बाटलीत थोडे कोमट पाणी घ्या, झाकण लावून हलवा, बाटली दाबून सोडा. मग विझलेल्या काडीचा धूर आत घेऊन पुन्हा तसेच करा. या वेळी दाट ढग दिसेल. मग मुलांना विचारा: आपल्या स्वयंपाकघरात असे किती कण असतील?