निरंक दाखल्याची कुळकथा

परक्या देशाचे नागरिकत्व मागणाऱ्या माणसाने पूर्वी जिथे वास्तव्य केले त्या देशाच्या पोलिसांकडून, आपल्या नावावर गुन्ह्याची नोंद नसल्याचा लेखी दाखला आणावा, ही अट आज इतक्या देशांच्या नियमांत आढळते की ती नागरिकत्वाच्या कल्पनेइतकीच जुनी असावी असा समज सहज होतो. भारतात या दाखल्याला पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, किंवा बोलण्यात नुसते 'पीसीसी' म्हणतात, आणि परदेशी जाणाऱ्यांना तो स्थानिक पोलिसांच्या पडताळणीनंतर पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. प्रत्यक्षात हा कागद दोन निराळ्या कुळांच्या संबंधातून जन्मला आहे. नव्या नागरिकाचे वर्तन चांगले असावे, ही कायद्यातली अपेक्षा हे त्यातले एक कुळ. शिक्षा झालेल्यांची नावे लिहून ठेवणारी सरकारी वही हे दुसरे. ही दोन कुळे दीर्घकाळ एकमेकांना अनोळखी होती, आणि त्यांचा संबंध जुळला तेव्हा माणसाच्या चांगुलपणाची साक्ष कोणी द्यायची, हा प्रश्नच बदलून गेला.

पहिल्या कुळाचा ठळक पुरावा अमेरिकेच्या १७९० च्या नागरिकत्व कायद्यात सापडतो. अर्जदार चांगल्या चारित्र्याचा असल्याची न्यायालयाची खात्री पटली पाहिजे, असे त्यात म्हटले होते, आणि १७९५ च्या सुधारित कायद्याने वास्तव्याची मुदत दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेताना हे चारित्र्य 'नैतिक' असावे असेही जोडले. ही खात्री मात्र कागदाने नव्हे, माणसांनी पटवायची होती. १९०६ च्या कायद्याने तर अर्जदाराला ओळखणाऱ्या दोन विश्वासार्ह नागरिकांची शपथपत्रे सक्तीची केली, आणि साक्षीदारांची ही प्रथा तिथे १९८१ पर्यंत टिकली. तिच्या मुळाशी एक साधी समजूत होती: जो माणूस एका गावात पाच वर्षे राहतो, उधारी घेतो आणि फेडतो, त्याचे वर्तन शेजाऱ्यांना ठाऊक असतेच. ही समजूत जितकी माणुसकीची वाटते तितकीच ती अपुरी होती, कारण १७९० च्या त्याच कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग केवळ स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींना खुला ठेवला होता. भारतीयांना तो १९४६ च्या कायद्याने मोकळा होईपर्यंत त्यांच्या चारित्र्याची चौकशी करण्याची वेळच, काही वादग्रस्त अपवाद वगळता, येत नव्हती.

इंग्लंडमध्ये १८४४ पूर्वी परकीयाला प्रजाजन करून घेण्यासाठी पार्लमेंटने स्वतंत्र कायदा करावा लागे. त्या वर्षीच्या कायद्याने हा अधिकार गृहमंत्र्यांकडे दिला, आणि १८७० च्या कायद्याने त्याची आजच्याशी जुळणारी चौकट घातली. अर्जदाराने स्वतःची घरे असलेल्या किंवा चालवणाऱ्या, म्हणजे समाजात पत असलेल्या, चार ब्रिटिश प्रजाजनांची प्रतिज्ञापत्रे जोडायची आणि मग पोलिसांनी चौकशी करायची, अशी पद्धत पडली. या पद्धतीच्या दोन्ही टोकांमधला ताण ज्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसतो, ते कार्ल मार्क्सचे आहे. १८४९ पासून लंडनमध्ये राहणाऱ्या मार्क्सने ऑगस्ट १८७४ मध्ये नागरिकत्वासाठी अर्ज केला. त्याच्या चारही साक्षीदारांविषयी पोलिसांना काही खोट सापडली नाही. ते प्रतिष्ठित असून त्यांनी दिलेली माहिती बरोबर असल्याचे पोलीस अहवालातच नमूद आहे. तरीही त्याच अहवालात मार्क्स हा कुख्यात जर्मन चळवळ्या असून आपल्या राजाशी आणि देशाशी निष्ठेने वागलेला नाही, असा शेरा आला, आणि अर्ज फेटाळला गेला. अर्जदाराला कारण कळवण्यात आले नाही. मार्क्सला कोणत्या गुन्ह्यासाठी शिक्षा झाली होती, असा प्रश्न त्या अहवालाने विचारलाच नव्हता. शेजाऱ्यांनी माणूस पाहिला होता आणि पोलिसांनी त्याचे मत पाहिले होते. या दोहोंत वजन कोणाच्या शब्दाला, याचा निकाल इथे पुरता लागलेला दिसतो.

दुसऱ्या कुळाचा उगम फ्रान्समध्ये आहे. तेथील १८०८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायालयांना शिक्षा झालेल्यांची नोंदवही ठेवायला लावली होती आणि तिची प्रत पॅरिसला जात होती. पण वही तारखांच्या क्रमाने भरत जाई, त्यामुळे एखाद्याचे नाव शोधायचे तर असंख्य पाने उलटावी लागत. लोक रेल्वेने गाव सोडून शहरात जाऊ लागले, तेव्हा ही अडचण असह्य झाली. व्हर्सायचे सरकारी वकील आर्नू बोनव्हिल द मार्सांजी यांनी १८४८ मध्ये त्यावर उपाय सुचवला आणि १८५० मध्ये सरकारी परिपत्रकाने तो अमलात आला. देशात कुठेही शिक्षा झाली तरी तिची चिठ्ठी त्या माणसाच्या जन्मगावच्या न्यायालयाकडे पाठवायची आणि तेथे ती आडनावाच्या वर्णक्रमाने कप्प्यांच्या कपाटात ठेवायची, असा तो उपाय होता. माणूस कितीही हिंडला तरी त्याचा जन्म एकाच ठिकाणी झालेला असतो, या निर्विवाद गोष्टीवर सारी रचना उभी होती, आणि तिचे श्रेय या अधिकाऱ्याच्या कल्पकतेला द्यावेच लागेल. फ्रान्सच्या डिसेंबर १८४९ च्या कायद्याने नागरिकत्व देण्यापूर्वी परकीयाच्या नैतिकतेची सरकारी चौकशी बंधनकारक केली होती. त्यानंतर वर्षभरातच हे कपाट उभे राहिले. पोर्तुगालने १८६३ मध्ये आणि इटलीने १८६५ मध्ये हीच पद्धत उचलली.

या कपाटाने एक नवीन गोष्ट शक्य केली. ज्याच्या कप्प्यात चिठ्ठीच नाही, त्यालाही आता 'निरंक' असा उतारा देता येऊ लागला. शेजारी जे सांगत तो अनुभव असे, आणि निरंक उतारा सांगतो तो केवळ अभाव; तरीही कागदावर शिक्का असल्यामुळे अभावालाच चांगुलपणाचा पुरावा मानण्याची सवय कचेऱ्यांना लागली.

नाव बदलणाऱ्यांपुढे मात्र कपाट हतबल होते. ही उणीव बंगालमध्ये भरून निघाली. विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने १८५८ मध्ये जंगीपूर येथे एका करारपत्रावर हाताचा ठसा घेतला; पुढे पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्गीकरण करण्याची पद्धत बसवली, कलकत्त्यात १८९७ मध्ये ठशांची कचेरी उघडली आणि १९०१ मध्ये ती पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डने स्वीकारली. पद्धतीला नाव हेन्रींचे मिळाले. हक आणि बोस यांच्या वाट्याला मान्यता फार उशिरा व अपुरी आली. अमेरिकेत राहून आलेला पुण्याचा किंवा नागपूरचा तरुण आज तिथला दाखला मागताना एफबीआयकडे बोटांचे ठसे पाठवतो, तेव्हा तो या वंशवृक्षाच्याच एका फांदीला हात लावत असतो. त्याच काळातील १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मात्र माणसाचे नाव त्याच्या कृत्यासाठी नव्हे, तर जन्मासाठी पोलिसांच्या वहीत चढवले. महाराष्ट्रातील पारध्यांसारख्या समाजांना १९५२ मध्ये हा कायदा रद्द होईपर्यंत ते सोसावे लागले. वहीत माणसाचे वर्तन जसे उतरते तशी वही लिहिणाऱ्याची नजरही उतरते, हे या इतिहासाकडे पाहताना विसरता येत नाही.

दोन्ही कुळांचा पक्का संबंध जुळला तो अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्यात, म्हणजे नागरिकत्वाच्या उंबरठ्याच्याही अलीकडे, व्हिसाच्या दारात. अर्जदाराने आपल्या मूळ सरकारकडील स्वतःविषयीची कागदपत्रे, तुरुंगाची व लष्करी सेवेची नोंद यांच्या प्रत्येकी दोन प्रती, उपलब्ध असल्यास, सादर कराव्यात, असे त्या कायद्याने सांगितले. सोडून आलेल्या देशाच्या सरकारची साक्ष इथे नियमाने मागितली गेली, आणि तिचा क्रूरपणा पंधरा वर्षांच्या आत उघड झाला. नाझी जर्मनीतून जीव वाचवून पळू पाहणाऱ्या ज्यूंना अमेरिकन वकिलातीसाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणावा लागे तो त्यांचा छळ करणाऱ्या त्याच राजवटीच्या पोलिसांकडून. १९४० च्या सुमारास तटस्थ, जबाबदार व्यक्तींची शपथपत्रेही मागितली जाऊ लागली, म्हणजे शेजाऱ्यांची जुनी साक्ष पुन्हा हवीशी झाली. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २५ व्या कलमाने, ज्यांना मायदेशाच्या कचेरीत जाणे शक्य नाही त्यांना असे दाखले आश्रय देणाऱ्या देशाने द्यावेत किंवा मिळवून द्यावेत, अशी तरतूद केली. या कागदाच्या इतिहासातली ही सर्वांत न्याय्य दुरुस्ती मानावी लागेल.

आजचे नियम बव्हंशी हिशेबाचे आहेत. स्वतःच्या हद्दीतली नोंद देश स्वतः तपासतो आणि परदेशातली अर्जदाराकडून मागवतो. अर्जापूर्वीच्या चार वर्षांत सलग १८३ किंवा अधिक दिवस दुसऱ्या देशात काढले असतील तर कॅनडा त्या देशाचा दाखला मागतो. पोर्तुगीज नागरिकत्व असलेल्या गोमंतकीयांशी विवाह करून तेच नागरिकत्व मागणाऱ्या जोडीदारांना वयाच्या १६ व्या वर्षानंतर जिथे जिथे वास्तव्य केले तिथले दाखले जमवावे लागतात, कारण पोर्तुगालमध्ये फौजदारी जबाबदारी त्याच वयापासून सुरू होते.

भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही अर्जदार चांगल्या चारित्र्याचा असावा अशी अट आहे, आणि ती पारखताना जुना थर अजून शाबूत दिसतो. २००९ च्या नियमांनुसार केलेल्या अर्जाला दोन भारतीय नागरिकांची, अर्जदाराच्या चारित्र्याची ग्वाही देणारी प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पुढे जातो आणि सुरक्षा यंत्रणांची चौकशी वेगळी होते. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या सहा अल्पसंख्य समुदायांच्या अर्जांबाबतचे अधिकार ज्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे हे चार जिल्हे महाराष्ट्रातले होते. नागपूर आणि उल्हासनगर इथल्या सिंधी वस्त्यांत अनेक वर्षे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिलेल्यांना पाकिस्तानातल्या पोलिसांच्या कपाटापेक्षा शेजारच्या दोन माणसांची सही मिळवणे केव्हाही जवळचे होते.