कंपायलरचे विरजण

मुक्त सॉफ्टवेअरच्या एखाद्या प्रकल्पाला हातभार लावायचे ठरवले, तर पहिला दिवस, कधी कधी पहिला आठवडासुद्धा, प्रत्यक्ष कामात जात नाही, तयारीत जातो. आज्ञावली लिहायला संपादक हवा, लिहिलेले यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर हवा, चूक शोधायला डीबगर हवा, आणि कोणी कधी काय बदलले याची नोंदवही हवी. आज ही सारी अवजारे विनामूल्य मिळतात आणि दोन-चार आज्ञांत संगणकावर येऊन बसतात. त्यामुळे ती पहिल्यापासून होतीच असे विद्यार्थ्यांना वाटते. प्रत्यक्षात यांतले प्रत्येक अवजार कोणीतरी, कशाच्या तरी अडचणीपोटी घडवलेले आहे. तो इतिहास पाहताना एक प्रश्न आपल्या वाटेत येणार आहे : अवजार घडवायला अवजार लागते, मग पहिले अवजार कुठून आले?

वाया गेलेली सकाळ

एका लहानशा अवजारापासून सुरुवात करू. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांनी एक अख्खी सकाळ आपल्या आज्ञावलीतली चूक शोधण्यात घालवली. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. फक्त दुरुस्त केलेला भाग पुन्हा कंपाइल करायचा राहिला होता. म्हणजे ते तपासत होते नवा मजकूर, आणि यंत्रावर चालत होता जुनाच! त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन आदल्याच संध्याकाळी अशाच घोळात सापडले होते. त्यातून फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन लिहिले.

त्यामागची कल्पना अगदी सोपी आहे. कोणती फाइल कोणत्या फाइलींपासून बनते हे एकदा लिहून ठेवायचे. मग 'मेक' फाइलींच्या वेळा ताडून पाहते. कच्चा माल पक्क्या मालापेक्षा नवा असेल, तर तेवढाच भाग पुन्हा बनवते. बाकीच्याला हात लावत नाही. आजही असंख्य प्रकल्प याच रीतीने बांधले जातात.

आधी अवजारे

सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. युनिक्ससारखी, पण सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली लिहायची, हा त्यांचा संकल्प होता. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी एमआयटीतली नोकरी सोडली, कारण नोकरीत राहून लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर संस्थेला हक्क सांगता आला असता. प्रयोगशाळेचे प्रमुख पॅट्रिक विन्स्टन यांनी मात्र तिथली यंत्रे वापरायला त्यांना मोकळीक दिली.

प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, त्यांनी आधी हाती घेतला नाही. आधी अवजारे घेतली. कंपायलरसाठी प्रथम तयार माल मिळतो का ते पाहिले. ॲमस्टरडॅमच्या 'फ्री युनिव्हर्सिटी'त एक कंपायलर-संच होता. तो वापरू द्याल का, असे विचारल्यावर त्याच्या कर्त्याचे खोचक उत्तर आले की विद्यापीठ 'फ्री' आहे, कंपायलर नाही. मग लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला 'पेस्टल' कंपायलर मिळाला. पण तो सगळी फाइल एकदमच स्मृतीत घेऊन बसे. त्याला कित्येक मेगाबाइट 'स्टॅक' लागे, आणि हाताशी असलेली ६८००० प्रोसेसरवरची युनिक्स प्रणाली देई फक्त ६४ किलोबाइट. तेव्हा कंपायलर नव्यानेच लिहायचा, या निष्कर्षाला ते आले.

दरम्यान संपादक पुरा झाला. सप्टेंबर १९८४ मध्ये सुरू केलेला 'ग्नू इमॅक्स' १९८५ च्या सुरुवातीला वापरण्याजोगा झाला होता. ज्यांना तो नेटवर्कवरून उतरवून घेता येत नसे त्यांना स्टॉलमन १५० डॉलरला त्याची टेप पाठवत. नोकरी सोडलेल्या माणसाचे ते उत्पन्नाचे साधन होते. १९८६ मध्ये डीबगर आला आणि १९८७ मध्ये 'जीसीसी' हा कंपायलर.

विरजण लागतेच

इथे आपला प्रश्न पुढे येतो. जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर, आणि तो लिहिला होता सी भाषेतच. मग त्याला यंत्राच्या भाषेत कोणी उतरवले? अर्थातच दुसऱ्या, आधीच्या कंपायलरने. दही लावायला थोडे दही लागते, तसाच हा प्रकार आहे. विरजण शेजारच्या घरून आणले तरी चालते. एकदा आपले दही लागले की पुढचे विरजण घरचेच.

जीसीसी बांधण्याची रीतच यावर बेतलेली आहे. पहिल्या फेरीत हाताशी असलेला कोणताही कंपायलर जीसीसीचा मजकूर कंपाइल करतो. त्यातून निघालेला जीसीसी दुसऱ्या फेरीत तोच मजकूर पुन्हा कंपाइल करतो, आणि तिसऱ्या फेरीत दुसऱ्या फेरीचा जीसीसी. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे फलित ताडून पाहतात. दोन्ही तंतोतंत सारखी निघाली पाहिजेत. न निघाली तर कुठेतरी चूक आहे.

१९९१ मध्ये हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने हेच विरजण वापरले. त्याच्याजवळ ३८६ प्रोसेसरचा संगणक होता आणि त्यावर 'मिनिक्स' ही शिकवण्यासाठी लिहिलेली प्रणाली. सप्टेंबरात आलेली लिनक्सची ०.०१ ही आवृत्ती मिनिक्सवरच कंपाइल करावी लागे. कंपायलर होता जीसीसी. डिसेंबरच्या ०.११ आवृत्तीपासून लिनक्स लिनक्सवरच बांधता येऊ लागले. एका विद्यार्थ्याला काही महिन्यांत कर्नल उभा करता आला, तो सात-आठ वर्षांची अवजारांची मेहनत आधी झालेली होती म्हणून.

उसने अवजार

अवजार दुसऱ्याच्या मर्जीवर असले तर काय होते, याचा अनुभव याच लिनक्सला पुढे आला. २००२ पासून कर्नलमधल्या बदलांची नोंद 'बिटकीपर' या खाजगी सॉफ्टवेअरमध्ये ठेवली जाई. कंपनीने ते अटी घालून विनामूल्य दिले होते. अटींवरून वाद होऊन २००५ मध्ये ही सवलत काढून घेण्यात आली. टोरवाल्ड्‌स यांनी ३ एप्रिलला नवे साधन लिहायला घेतले आणि ७ एप्रिलपासून त्या साधनाच्या स्वतःच्या बदलांची नोंद त्याच साधनात होऊ लागली. हेच आजचे 'गिट'.

विरजणच नासले तर?

युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, केन थॉम्पसन, यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात एक अस्वस्थ करणारी युक्ती सांगितली. हे भाषण १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. समजा, कंपायलरमध्ये एक लबाडी घातली : प्रवेशाची आज्ञावली कंपाइल करताना तिच्यात गुपचूप एक चोरवाट घालायची. आणखी एक लबाडी : स्वतः कंपायलर कंपाइल होत असेल तर या दोन्ही लबाड्या नव्या प्रतीत उतरवायच्या. एवढे झाल्यावर मूळ मजकुरातून दोन्ही पुसून टाकायच्या. आता मजकूर कितीही वाचला तरी निर्दोष, पण दोष पिढ्यान्‌पिढ्या चालूच! नासके विरजण प्रत्येक भांड्यात उतरावे तसा.

म्हणजे मजकूर सर्वांना खुला असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. तो ज्या कंपायलरातून गेला त्याचा उगमही तपासता आला पाहिजे. या दिशेने एक मोठे पाऊल एप्रिल २०२३ मध्ये पडले. 'ग्नू गिक्स' या वितरणाने आपल्या हजारो पॅकेजांच्या साखळीच्या तळाशी अवघी ३५७ बाइटची आज्ञावली आणून ठेवली. ती षोडशमान अंकांचे यंत्रभाषेत रूपांतर करते, एवढेच. तिच्यावरून थोडे मोठे साधन, त्यावरून छोटा सी कंपायलर, त्यावरून जुना जीसीसी आणि शेवटी आजचा जीसीसी, अशी चढण चढायची. पूर्वी तळाशी कित्येक मेगाबाइटचे तयार कंपायलर ठेवावे लागत; ते कोण वाचणार? ३५७ बाइट मात्र चिकाटीचा माणूस कागदावर लिहून एकेक करून तपासू शकतो. अर्थात ही चढण आधीपासून चालू असलेल्या लिनक्स कर्नलवरच चढली जाते, म्हणजे उसने विरजण पूर्णपणे संपलेले नाही.

संगणकाच्या तासाला मुले दहा ओळींची आज्ञावली लिहितात, कळ दाबतात आणि उत्तर येते. त्या वेळी त्यांना एकच प्रश्न विचारून पाहावा : ही आज्ञावली यंत्राला कोणी समजावली? उत्तर मिळाले की, त्याला कोणी घडवले? तिसऱ्या-चौथ्या पायरीला वर्ग बहुधा गप्प होईल. तिथून पुढचे शोधण्यासाठी लागणारा बहुतेक सगळा मजकूर आज खुला आहे.