सही वडगावची, मंजुरी कलकत्त्याची

वडगावच्या तहाबद्दल आपल्याकडे निकाल ठरलेला आहे: इंग्रजांनी सही केली आणि सुटका होताच शब्द फिरवला. इंग्रज मात्र आपल्या भाषेतल्या दोन क्रियापदांकडे बोट दाखवत. ‘साइन’ म्हणजे बोलणी करणाऱ्याने सही करणे. ‘रॅटिफाय’ म्हणजे ज्या सत्तेच्या नावाने ती केली, तिने तह कायम करणे. पहिले झाले म्हणून दुसरे होतेच असे नाही. हा फरक म्हणजे मागाहून शोधलेली पळवाट, असे म्हणणे सोपे आहे; पण घटनाक्रमापुढे ते टिकत नाही.

९ जानेवारी १७७९ रोजी मुंबईकर इंग्रजांची फौज तळेगावात पोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव आधीच रिकामे करून जाळले होते. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून फौज माघारी वळली आणि दुसऱ्या दिवशी जवळच वडगावला कोंडली गेली. इंग्रजांकडून बोलणी करायला आलेल्या फार्मरने तेव्हाच सांगितले की, तह करण्याचा अधिकार फौज चालवणाऱ्या आमच्या कमिटीला नाही. ते खरेच होते. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबईची युद्धे आणि तह कलकत्त्याच्या ताब्यात गेले होते. पुणे दरबाराने त्याचा लाभही घेतला होता: १७७५ मध्ये मुंबईने पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांशी सुरतेला केलेला तह कलकत्त्यानेच मोडीत काढला आणि पुढल्या वर्षी पुरंदरचा तह केला. मुंबईची सही अशी रद्द होताना पाहिलेल्यांना वडगावची सही पक्की वाटली असेल? मग फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट यांना ओलीस का ठेवले? ओलीस घेण्याचा रिवाजच होता, असे कोणी म्हणेल. असेल, पण तो रिवाज अविश्वासापोटीच पडलेला. तरीही फौज सोडली, कारण रोकडा लाभ पदरात पडला होता: राघोबादादा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले होते.

एवढ्याने कमिटीतला कारनॅक मात्र सुटत नाही. तहात कबूल केलेली साष्टी परत देणे कलकत्त्याच्या मर्जीवर होते, मान्य. पण बंगालहून येणाऱ्या गॉडर्डच्या फौजेने परत फिरावे, असे पत्र कमिटीने लिहिले आणि घाट उतरताच तेच स्थगित केले. आपल्या हाताने लिहिलेले पत्र न अडवायला कोणाची मंजुरी लागत नव्हती. दगा झाला तो इथे. कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने तह नाकारला, त्याला दगा म्हणता येत नाही. तेच हत्यार पुढे पुण्यानेही वापरले. सालबाईचा तह १७ मे १७८२ ला झाला, हेस्टिंग्जने जूनमध्येच मंजूर केला. नाना फडणविसांनी मात्र इंग्रजांशी लढणाऱ्या हैदरअलीकडे नजर ठेवून मंजुरी रोखून धरली. हैदर ७ डिसेंबरला वारला, नानांची मंजुरी त्यानंतर आली, आणि मंजूर तहांची अदलाबदल २४ फेब्रुवारी १७८३ ला झाली. वडगावला भडोचच्या उत्पन्नात शिंद्यांना हिस्सा कबूल झाला होता. सालबाईच्या वेळी इंग्रजांनी महादजींना, त्यांनी वडगावला दाखवलेल्या उदारपणाबद्दल, भडोचच देऊन टाकले.