बँकेने कर्ज दिलं म्हणजे घर चांगलं? जरा मागे वळून बघूया

"बँकेने लोन पास केलंय, म्हणजे फ्लॅट क्लिअरच असणार." गावात नवी स्कीम निघाली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मंडळी, हा समज आला कुठून, ते बघायचं तर थोडं इतिहासात जावं लागेल.

एकेकाळी घर हे भाड्यासाठीच बांधलं जायचं. पैसेवाले चाळी बांधत, नोकरदार भाड्याने राहत. स्वतःचं घर सहकारातून घेण्याची वाट 1915 साली मुंबईत गावदेवीच्या सारस्वत सोसायटीने दाखवली, पण ती मोजक्यांचीच राहिली.

मग 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आला. मुंबईत भाडी 1940 च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला आधार मिळाला, पण भाड्यासाठी घर बांधणं परवडेना. मालकांनी डागडुजी सोडली, पागडी बोकाळली. नवीन बांधकाम करणारा आता भाड्याने देण्याऐवजी विकायला लागला. 'ओनरशिप फ्लॅट' रुजला तो असा.

त्यात फसवणूकही वाढली. म्हणून 1963 मध्ये महाराष्ट्राने मोफा कायदा केला: नोंदणीकृत करार करा, जमिनीचा टायटल दाखवा, शेवटी सोसायटीला जमिनीचं अभिहस्तांतरण करून द्या. आजही कित्येक सोसायट्या या शेवटच्या कागदासाठी खेटे घालतायत, हे वेगळं सांगायला नको.

पण पैसा कुठून आणायचा? पीएफ, सोनं, नातेवाईक. घर व्हायचं ते निवृत्तीच्या तोंडावर. 1977 मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी सुरू केली आणि पगारदार माणसाला तरुणपणीच घर घेता येऊ लागलं. मोठा बदल होता तो!

इथेच गोम आहे. हे कर्ज उभं राहतं तुमच्या पगारावर. बँक टायटल तपासते, व्हॅल्युएशनही करते, पण ते स्वतःची रक्कम वसूल व्हावी म्हणून. हे घर तुम्हाला फायद्याचं आहे का, हा प्रश्न तिचा नाहीच. तो तुमचा.

आता साधा हिशोब करा. समजा फ्लॅट 25 लाखांचा, कर्ज 20 लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता साधारण 17,350 रुपये. एकूण परतफेड 41 लाखांच्या वर. पहिल्या हप्त्यातले 14 हजारांहून जास्त नुसते व्याजात जातात. असाच फ्लॅट भाड्याने 6 हजारांना जात असेल, तर वर्षाचे 72 हजार, म्हणजे किमतीच्या तीन टक्केही नाहीत. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी आणि रिकामे महिने वजा करा. म्हणजे गुंतवणुकीचा सगळा डाव किंमत वाढण्यावर. राहायला घेताय तर गोष्ट वेगळी, पण "भाड्यातून हप्ता सुटेल" म्हणणाऱ्याला हा हिशोब दाखवा.

आणि दर कायम राहत नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत लांबत गेली. बऱ्याच जणांना ते स्टेटमेंट काढल्यावर कळलं.

1 मे 2017 पासून महारेरा आलं. ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात, विक्री कार्पेट एरियावर, आणि करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही. चांगलंच आहे. पण जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नाही. आणि आपल्यासारख्या गावात अशाच छोट्या इमारती जास्त!

म्हणून टोकन देण्याआधी एवढं करा. महारेराच्या साइटवर प्रकल्प शोधा. नोंदणी नसेल तर का नाही, ते विचारा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए आदेश आणि मंजूर नकाशा स्वतःच्या वकिलाला दाखवा, बिल्डरच्या नव्हे. प्लॉट गुंठेवारीतला असेल तर नियमित झाल्याचा कागद मागा. आणि शेजारच्या इमारतीत भाडं किती चाललंय, ते भाडेकरूलाच विचारा, एजंटला नको.

तुमच्या भागात किंमत आणि भाडं यांचा मेळ किती बसतो? आकडे कमेंटमध्ये टाका, घर शोधणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.