संग्राहकाचा खंजीर आणि कारागिराचे नाव

शस्त्रांचा इतिहास मराठीत बहुधा युद्धांच्या इतिहासाचे परिशिष्ट म्हणून लिहिला जातो. तथापि काही शस्त्रे रणांगणासाठी नव्हे, तर एखाद्या रसिक संग्राहकाच्या आज्ञेवरून आणि त्याच्या अभिरुचीनुसार घडविली गेली. त्यांत खंजिराचे स्थान विशेष होय. तो दरबारात कमरेस लावता येई, हाती घेऊन न्याहाळता येई आणि मानाची भेट म्हणून देता येई. अशा खंजिराचे कौतुक होताना धन्याचे नाव उरते. घडविणाऱ्याचे बहुधा लोपते. हे नाव कोठे टिकते आणि कोठे लोपते, याचा विचार परभणी जिल्ह्यासारख्या प्रदेशाच्या इतिहासालाही आवश्यक आहे.

कारागिराचे नाव टिकल्याचे ठळक उदाहरण मोगल बादशहा जहांगीर (राज्यकाल १६०५-१६२७) याच्या आत्मवृत्तात सापडते. १६२१ च्या एप्रिल महिन्यात जालंधर परगण्यात आकाशातून तप्त लोखंडाचा गोळा पडला. तेथील अंमलदाराने जमीन खणवून तो बादशहाकडे पाठविला. त्याचे वजन १६० तोळे भरले. हे काम उस्ताद दाऊद याजकडे सोपविण्यात आले. परंतु ते लोखंड घणाखाली टिकेना. तेव्हा त्याचे तीन भाग आणि साध्या लोखंडाचा एक भाग एकत्र करून दाऊदाने दोन तलवारी, एक खंजीर व एक सुरी सिद्ध केली. बादशहाने आपल्या समक्ष त्यांची परीक्षा करविली. यांतील सुरी आज वॉशिंग्टन येथील फ्रिअर कलासंग्रहालयात आहे. त्यापूर्वी पूरण व कल्याण या दोन कारागिरांनी सागरी प्राण्याच्या ठिपकेदार दातापासून घडविलेल्या खंजिराच्या मुठींचेही जहांगीराने मनःपूर्वक वर्णन केले आहे, आणि त्या दोघांचा गौरव केल्याचे नमूद केले आहे. येथे कौतुक करणारा स्वतः लिहिणारा होता, धातू कसा फुटला व कशाने सांधला हे तो विचारीत होता. म्हणूनच ही नावे राहिली.

उत्तम पात्याच्या गुणांची चर्चा करताना जहांगीरासमोर दक्षिणेच्या पात्यांचे माप होते, ही गोष्ट दख्खनच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावी. दख्खनच्या पोलादाची कीर्ती निराधार नव्हती. परभणी जिल्ह्यातून गंगाखेडवरून वाहत जाणारी गोदावरी नांदेडनंतर तेलंगणात उतरते. तिच्या त्या खोऱ्यात, आजच्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनसमुद्रम हे पोलादाचे प्रसिद्ध केंद्र होते. भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसे याने तेथील कृतीचे केलेले वर्णन १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. मातीच्या बंद मुशीत लोखंड दीर्घकाळ तापवीत आणि मग सावकाश निवू देत. या सावकाश निवण्यातच पात्यावर पुढे दिसणाऱ्या लहरींचे, म्हणजे जौहराचे, बीज असते. हे पोलाद खरेदी करण्यासाठी इराणातील इस्फाहानचा व्यापारी तेथवर येत असे. अर्थात ज्या पात्याची वाखाणणी इराणी म्हणून होई, त्याचे पोलाद गोदाकाठचे असणे सहज शक्य होते. धन्याप्रमाणेच देशाच्या नावाखालीही कारागीर झाकला जातो तो असा.

याउलट उदाहरण हैदराबादचे. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या संस्थानात जिल्हाबंदीची व्यवस्था आणणारा दिवाण पहिला सालारजंग. त्याचा नातू मीर यूसुफ अली खान, तिसरा सालारजंग (१८८९-१९४९), याने आपली संपत्ती संग्रहात ओतली. १९५१ मध्ये या संग्रहाचे संग्रहालय झाले. तेथील जेडच्या मुठीचा खंजीर जहांगीराचा आणि फळे कापण्याची सुरी नूरजहानची म्हणून ओळखली जाते. या दोन्ही वस्तू धन्याच्या नावानेच प्रसिद्ध आहेत. संग्राहक नंतरच्या काळातला असला म्हणजे वस्तू त्याच्यापर्यंत केवळ मोठ्या नावाच्या आधारे पोचते.

दुसरी अडचण मुठीची आहे. पात्याचा मागचा दांडा मुठीत बसवून तो लाखेने वा राळेने पक्का करीत. लाख तापविली की मूठ निघते. त्यामुळे जुन्या पात्यास नवी मूठ किंवा जुन्या मुठीस नवे पाते बसविणे सोपे असे, आणि संग्राहकांच्या आवडीपायी ते वारंवार होई. मुठीवरील नक्षीवरून संपूर्ण खंजिराचा काळ ठरविणे म्हणूनच धोक्याचे होय.

परभणी भागात कट्यार, बिचवा आणि निजामाच्या अरब सैनिकांबरोबर दख्खनमध्ये आलेला जंबिया या प्रकारांचा अभ्यास करताना पाते, मूठ व सांधा यांची नोंद वेगवेगळी घ्यावयास हवी. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तत्पूर्वीच्या कागदांतील ‘परभणी’ या नावात तोही प्रदेश येतो, याचेही भान ठेवावे.

कारागिराचा शोध मात्र केवळ पात्यावर घेऊन भागत नाही. गावगाड्यात लोहार हा बलुतेदार होता. गावच्या महजरावर पाटील नांगराची, तर बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत. पात्यावर नाव न कोरणारा लोहार अशा कागदावर साक्षीदार म्हणून उभा असतो. तो लोहार नांगराचे फाळ घडवीत होता, तसाच शस्त्रेही सुधारून देत होता. खंडेनवमीस शस्त्रे आणि हत्यारे यांची एकत्र पूजा करणाऱ्या समाजाने या दोहोंत फार अंतर मानले नव्हते. संग्रहालयातील खंजीर आणि गावचा महजर ही दोन्ही साधने शेजारी ठेवून वाचली, तर मराठवाड्याच्या शस्त्रेतिहासात धन्याबरोबर कारागिरालाही स्थान मिळेल.